मातामायच्या गळ्यातली सरी

चंद्रकांताबाई निवांत बसली आहे असं गावात कुणी पाहिलं असेल, तर त्यानं हात वर करावा. पायाला भिंगरी बांधूनच ती सासरी आली होती. आत्ता धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिसली म्हणावं तर घटकाभरानं गोठ्यात, आणि गोठ्यात हाक मारावी तर बाई पवनीच्या एसटीत. जेवतानाही तिचा एक पाय दुमडलेला आणि एक उठायच्या तयारीत. नवरा सेवकराम याच्या अगदी उलट. घराला आग लागली तर हा माणूस आधी खर्रा घोटेल, तोंडात टाकेल आणि मग विचारेल, "कुठी लागली?" देवानं ही जोडी लावताना डोळे मिटले होते की मुद्दाम गंमत केली, ते त्याचं त्यालाच माहीत.

घराच्या मागच्या पडवीत पत्र्याखाली तिची छोटी भट्टी होती. ऐरण, हातोड्या, फुंकणी, मूस, राळेचं भांडं, सगळं होतं. तिथं ती चांदीचे दागिने घडवायची. तिथंही पाय हलायचाच, पण हात हलायचा नाही.

आता शेतकऱ्याच्या घरात सोनाराची भट्टी कशी, हे सांगायला हवं. चंद्रकांताचं माहेर पवनीचं, आणि घराला लागूनच बाबुलाल सोनाराचं दुकान. लहानपणी ती घरात कमी आणि बाबुलालच्या ओट्यावर जास्त. लोक म्हणायचे, "धान रोवणाऱ्याच्या पोरीले फुंकणी कायले पाहिजे?" बाबुलाल म्हणायचा, "तिचे हात जळून राहिले, तुमचं काय जाऊन राहिलं?" त्यानं तिला चांदी गाळायला शिकवलं, तार ओढायला शिकवलं, डाख देऊन सांधायला शिकवलं. शिव्याही भरपूर दिल्या. पण नक्षी तिची तिनंच शोधली.

पवनीत नांगर जरा खोल गेला की काही ना काही वर येतंच. खापराचा तुकडा, मणी, झिजून गेलेलं नाणं. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पाय लागला तर बाजूला सारतो. चंद्रकांता मात्र उचलायची. बाबुलालच्या गल्ल्यात कुणीतरी मोडीत घालायला आणलेलं एक जुनं नाणं होतं, एका अंगाला हत्ती आणि दुसऱ्या अंगाला कठड्यात उभं झाड. ते मुशीत टाकायचा बाबुलालला धीर झाला नव्हता. ते नाणं तिनं इतक्या वेळा पाहिलं की आंधळ्यानं सांगावं तसं बोटांनी सांगितलं असतं. मग तिच्या हातून तशीच कामं व्हायला लागली. खापरावरच्या रेघांचे कानातले, मण्यांच्या घडणीची जोडवी, कठड्यातल्या झाडाचं पदक. नागपूरची एक दुकानदारीण ती न्यायची, आणि लोक हौसेनं घ्यायचेही.

नागपूरचे लोक घ्यायचे. घरची पोर घेत नव्हती.

पोर म्हणजे खुशबू. एकुलती एक. भंडाऱ्याला नर्सिंग शिकली आणि तिथंच एका दवाखान्यात लागली. बोलायला चटपटीत, कामाला वाघ, पण आईच्या दागिन्यांचं नाव काढलं की नाक मुरडलंच. "आई, हे तं जमिनीतून उकरून काढल्यासारखं दिसते वं. माह्या मैत्रिणी हसतीन." आणि स्वतः मोबाइलवरून मागवायची. कसले? तर 'अँटिक' म्हणून विकतात ते, पत्र्यावर काळं फासलेले झुमके. महिनाभरात कान लाल व्हायचे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! चंद्रकांताच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण बोलून उपयोग नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

होळीच्या आधी खुशबूचं साक्षगंध झालं. मुलगा आंधळगावचा, कैलाश नावाचा, साधा आणि हसरा. लग्न दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर ठरलं. पाहुणे गेले आणि खुशबू म्हणाली, "आई, आजीची चांदी मले जशीच्या तशी देजो. भंडाऱ्यात मोड देतो अन् सोन्याची चेन घेतो."

आजीची चांदी म्हणजे चंद्रकांताच्या आईचे तोडे, वाकी आणि जाडजूड वाळे. त्यांच्याकडची रीतच अशी की माहेरची चांदी आईकडून लेकीला जाते, आणि एकदा लेकीची झाली की लेक तिचं वाटेल ते करील. चंद्रकांता "हाव" म्हणाली. शब्द दिला. आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

मोड म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दुकानदार तोडे काट्यावर टाकणार, हातोडीनं चेपणार आणि कुणाकुणाच्या तुटक्या पैंजणांच्या ढिगात भिरकावणार. आईच्या पायातले तोडे! तिला ते पाहवलं नसतं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. पोर आता दुसऱ्याच्या घरी निघाली होती, आणि जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिनं आईच्या हातचं काम पाहून तोंडात बोट घालावं, ही आस चंद्रकांताला जाळत होती. शेवटी एका दुपारी तिनं पेटी उघडली, चांदी काढली, आणि कुणाला न सांगता, सेवकरामलाही नाही, मुशीत टाकली. शब्द मोडला. पण फुंकणी थांबली नाही.

तिनं सरी केली. गळ्याभोवती बसणारी, रुंद, जड. मधोमध कठड्यातलं झाड, दोन्ही बाजूंनी झाडाकडे तोंड करून हत्तींची रांग, आणि खाली बोटाच्या पेराएवढ्या माशांची झालर. राळेवर चांदीचा पत्रा चिकटवायचा, मागून खिळ्यानं ठोकून एकेक हत्ती उठवायचा, चुकला की परत तापवायचा. शेताची कामं, घर, गुरं, आणि उरलेल्या वेळात हे. झाली तेव्हा ती अशी झाली की चंद्रकांता पडवीतल्या पडवीत चारदा फिरून आली आणि चारदा तिनं ती उचलून पाहिली.

पण नवी चांदी चकचकते. आहेरातल्या स्टीलच्या ताटासारखी. जुन्या वस्तूचा काळेपणा खाचेत मुरलेला असतो, आणि औषध लावून येतो तो वरवरचा, खुशबूच्या झुमक्यांसारखा. त्यावर चंद्रकांतानं आपला एक इलाज शोधला होता. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, तळाचा गाळ काळाकुट्ट असतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. त्यात चांदी पुरून ठेवली की महिना-दोन महिन्यांत अशी काळी होऊन निघते की बस! मग राखेनं वरचे उंचवटे घासायचे, खाचा तशाच ठेवायच्या. बाबुलाल म्हणायचा, "लोकं चोराच्या धाकानं दागिने पुरतेत. तू गिऱ्हाइकाच्या धाकानं पुरतं." लहानसहान चिजा तिनं अशा खूप काढल्या होत्या. सरीही तिनं गाडग्यात घातली, तोंडाला फडकं बांधलं, गाडग्याला भोकं पाडली आणि पाणी ओसरलेल्या आपल्याच शेतातल्या बोडीच्या कोपऱ्यात पुरली. वर खूण म्हणून बेशरमची काडी रोवली.

मे महिन्यात ती आंधळगावला गेली. लग्नासाठी कोसा, तिकडचं रेशीम, तिथं विणकराकडूनच घ्यायचा होता, आणि होणाऱ्या व्याह्यांनी आग्रह करून ठेवून घेतलं. मुक्काम करून परत आली, एसटीतून उतरली, पिशवी हातात तशीच घेऊन शेताकडे वळली. सवयच ती. आणि पाहते तर बोडी नाही. म्हणजे होती, पण केवढी! दुप्पट खोल, काठ तासलेले, आणि मधे जेसीबीच्या दातांचे ओरखडे.

काठावर सेवकराम उभा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादं काम बायकोनं दहादा सांगण्याआधी केलं होतं, त्यामुळे चेहरा उजळलेला. "फुकटात झालं वं! गाळ नेणारे आले, म्हटलं न्या बाप्पा. तू नेहमी म्हणत होतीस ना, बोडी खोल करा, बोडी खोल करा. केली."

चंद्रकांता मटकन खाली बसली. ते पाहून सेवकराम घाबरला, कारण ही बाई कधी बसत नसे.

"गाळ कुठी गेला?"

"ज्याले पाहिजे होता त्यानं नेला. कोणाकोणाचे ट्रॅक्टर होते, मी कायले लिहून ठिवू?"

झालं! तोंडचं पाणी पळालं. आणि गंमत अशी की बोंबही मारता येईना. 'माझी चांदी गाळात गेली' असं म्हणायचा अवकाश, अख्खं गाव घमेली घेऊन बांध्यांत उतरलं असतं. शिवाय सेवकरामनं पहिलं विचारलं असतं, "कोणती चांदी?" ते खुशबूच्या कानावर जायला कितीसा वेळ? मग बाई एकटीच निघाली. रणरणतं ऊन, डोक्याला पदर, हातात काठी. ज्याच्या त्याच्या बांधीत गाळाचे ढीग पडले होते, ते ही फोडत बसे. कुणी विचारलं, "काय पाहून राहिली वं?" तर कधी म्हणायची कोंबडी हरवली, कधी जोडवं पडलं, कधी म्हणायची मुळी शोधते औषधाची. एकाच माणसाला दोन दिवसांत दोन उत्तरं दिल्यावर गावात काय व्हायचं ते झालं. चंद्रकांताला बाहेरचं लागलं, अशी कुजबुज सुरू झाली. सेवकरामनं तिला पवनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या तिनं परसात फेकल्या.

आणि भंडाऱ्याहून फोन यायचाच. "आई, आजीची चांदी काढून ठेवली ना?"

"हाव, ठेवली ना." आता कुठं ठेवली ते विचारू नये म्हणजे झालं.

खुशबू सुट्टीला आली की पेटीकडे वळायची आणि चंद्रकांता मधे उभी. "किल्ली सापडून नाई राहिली. तू हात नोको लावू. मी देतो ना लगनाच्या टायमाले." पोर चिडायची. पाऊस पडला, बांध्या भरल्या, चिखलणी झाली, गाळाचे ढीग मातीत मिसळून गेले. आता तर शोधायलाही काही उरलं नाही. तरी ही रोज कुठल्या ना कुठल्या धुऱ्यावर उभी राहून चिखलाकडे बघत राहायची.

रोवण्याचा हंगाम लागला. वासुदेवराव हे गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या बांधीत पहिल्या दिवशी बायकांची रांग वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवत होती. त्यात ललिताबाई होती. परक्याच्या बांधीत राबून पोट भरणारी, बिनलेकराची बाई. गावात तिचं नाव निघायचं ते मजुरीला हाक मारायचं असलं तरच. पाऊल मागं घेताना तिच्या पायात काहीतरी अडकलं. मूळ असेल म्हणून तिनं हात घातला, ओढलं, आणि चिखलातून अख्खी सरी वर आली. काळी, जड, हत्तींची. बायकांनी हातातले पऱ्हे सोडले.

ललिताबाईनं ती पाण्यात खळबळून पाहिली आणि कपाळाला लावली. "मातामायची हाये," एवढंच म्हणाली. वासुदेवरावांनीही मान डोलावली. पवनीचा मुलूख, जुनी वस्तू जमिनीतून निघणं नवीन नव्हतं, आणि तीही रोवण्याच्या पहिल्या दिवशी! मात्र त्यांनी सगळ्यांना बजावलं, "कोणी पवनीत जाऊन बोलाचं नाई. सरकारी माणसं येतीन अन् घेऊन जातीन." वाजतगाजत सरी गावाबाहेरच्या निंबाखाली मातामायच्या, गावदेवीच्या, ठाण्यावर गेली आणि पितळी मुखवट्याखाली बसलीसुद्धा.

बातमी चंद्रकांतापर्यंत पोचली तेव्हा ती गोठ्यात होती. शेणाचे हात घेऊन पळाली. ठाण्यावर ही गर्दी, अगरबत्त्या, नारळ. गर्दीतून घुसून पुढं गेली आणि पाहिली. तिचीच. तीच. आणि काय सांगावं, हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद नंतर झाला, आधी मनात आलं ते हे की काय रंग चढला आहे! खाचेखाचेत काळोख बसला होता आणि हत्तींच्या पाठी तेवढ्या उजळ होत्या. आपण राखेनं घासून इतकं केलं नसतं.

"हे माही हाये," ती मोठ्यानं म्हणाली. "मी केली हे."

मग कुणीतरी म्हणालं, "हाव, अन् पवनीचा परकोट बी तूच बांधला!" आणि हशाचा असा फवारा उडाला की निंबावरचे कावळे उडाले. वासुदेवरावांच्या सुलोचनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अवं, हजार वर्षांची वस्तू हाये हे. पाहून तं पाहा." चंद्रकांताला राग आला होता आणि त्याच वेळी गुदगुल्याही होत होत्या. हजार वर्षांची! आपल्या पडवीतली!

एकटी ललिताबाई हसली नाही. ती उठली, मुखवट्याखालून सरी काढली आणि चंद्रकांतासमोर धरली. "तुही असन तं घे वं बाई. मी घरी नेली असती तं कोणाले मालूमही झालं नसतं. मातामायची समजली म्हून इथं आणली. तुही हाये म्हंतं तं मीच देतो."

चंद्रकांतानं हात पुढं केला होता. खरंच केला होता. पण तिची नजर ललिताबाईच्या कपाळावर गेली. तिथं ताजं कुंकू होतं. ते आज सुलोचनाबाईंनी लावलं होतं, ज्यांनी इतक्या वर्षांत या बाईला ओसरीवर बसवून चहाही पाजला नव्हता. बायका तिच्या पाया पडल्या होत्या. आता सरी घेतली तर उद्यापासून हीच गर्दी ललिताबाईला हसेल आणि जन्मभर हसेल, की चंद्रकांताच्या हातचा डाग, म्हणजे दागिना, उचलून देव म्हणून नाचवला.

"मस्करी केली," चंद्रकांता म्हणाली. "मले कुठी येते असं कराले?"

म्हणाली खरी, पण बाईचा जीव ऐरणीवर राहिला तो राहिलाच. आता सरी कुठं आहे ते ठाऊक होतं आणि घेता येत नव्हती. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसऱ्याच दिवशी ती पवनीला बाबुलालकडे गेली आणि भडाभडा सगळं ओकली. बाबुलाल आता पार थकलेला, डोळ्यांना कमी दिसायचं, पण जीभ तशीच. पोट धरून हसला. "देवी तुही गिऱ्हाईक झाली की वं! मी जिंदगीभर फुंकणी फुंकली, मले एक नाई भेटली अशी." मग हसू आवरून म्हणाला, "पोरीले सांग. हळद लागायच्या आधी सांग. तिची चीज होती, तुही नाई." सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. कान टोचले गेले, पण चंद्रकांताचं तोंड काही उघडलं नाही. फोन उचलायची आणि "जेवली का?" विचारून ठेवायची.

आणि मातामायला तिच्या खेपा वाढल्या. लोकांना वाटलं, बाई देवभोळी झाली. छे! जेसीबीच्या मारानं सरीचा आकडा वाकला होता आणि झालरीतला एक मासा मुरगळला होता. ते तिला बघवत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. हिला घास गोड लागेना. श्रावणातल्या एका दुपारी ठाण्यावर कुणी नाही असं पाहून ती बसली, कनवटीचा चिमटा काढला, आकडा सरळ केला, माशाला हळूच दाबून पहिल्यासारखा वळवला, पदरानं पुसला. उठून वळते तो निंबामागं ललिताबाई उभी. हातात पाण्याचा तांब्या, नजर चिमट्यावर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग ललिताबाई पुढं झाली, मातामायवर पाणी घातलं आणि निघून गेली. त्या रात्री चंद्रकांताच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दिवाळी झाली. धान घरात आलं. मांडव पडला. खुशबू घरी आली ती पेटीच्या किल्लीचाच विषय घेऊन, आणि चंद्रकांता "हळद होऊ दे, हळद होऊ दे" करत घरभर पळत राहिली. चोरीला गेली म्हणावं का? आजीच्या नावानं दान केली म्हणावं का? तिनं दहा खोट्या गोष्टी रचल्या, आणि एकही तिच्या तोंडात बसेना.

गावाची रीत अशी की हळद आधी मातामायला, मग नवरीला, आणि तीही नवरीनंच आपल्या हातानं लावायची. बायका गाणी म्हणत निघाल्या. पुढं खुशबू हळदीचं ताट घेऊन, मागं सुलोचनाबाई, ललिताबाई, अर्धं गाव. पुरुषांत वासुदेवराव आणि खर्रा चघळत सेवकराम. खुशबूनं सरीबद्दल फोनवर ऐकलं होतं, पाहिली मात्र नव्हती. ती ठाण्यापुढं बसली, हळदीत हात बुडवला, मुखवट्याकडे नेला, आणि हात तसाच थांबला.

"आई," ती वळून न बघताच म्हणाली, "किती मस्त हाये वं हे! मोबाइलवर तं असं काहीच भेटत नाई. पहिलेच्या लोकायच्या हातात काय होतं बाप्पा! असं तुले जमन का?"

चंद्रकांताच्या दहाच्या दहा खोट्या गोष्टी तिथंच विरघळल्या. "मीच केली हे," ती म्हणाली. "तुह्या आजीची चांदी हाये."

मागं पुन्हा हशा पिकला. "झालं, लागली पुन्हा!" कुणीतरी म्हणालं. खुशबू मात्र हसली नाही. ती उठून आईसमोर आली.

"म्हून मले पेटी उघडू देत नव्हतीस?"

"हाव."

"शब्द देऊन गाळली?"

"हाव."

"मले विचारलं असतंस तं मी नाईच म्हटलं असतं!"

"म्हूनच नाई विचारलं."

पोरीचे डोळे भरले, रागानं की कशानं ते तिलाही कळलं नसावं. तेवढ्यात सेवकराम पुढं आला. "कोणती चांदी?"

"खरं बोलून राहिली थे." आवाज ललिताबाईचा होता. हशा थांबला. "म्या डोळ्यानं पाह्यलं. श्रावणात चिमटा घेऊन बसली होती इथं. लेकराचा मुरगळलेला पाय चोळावा तसा मासा सरळ करत होती. परक्याच्या चिजेले कोणी असा हात लावते का?"

"मंग त्या दिवशी मस्करी हाये म्हून काहून म्हटलं हिनं?" वासुदेवरावांनी विचारलं.

ललिताबाई चंद्रकांताकडे बघत होती. "माह्यासाठी म्हटलं," ती हळूच म्हणाली. मग पुढं झाली, मुखवट्याखालची सरी काढली आणि खुशबूच्या गळ्यात घालायला लागली.

सुलोचनाबाई ओरडल्या, "अवं, अवं! देवीच्या अंगावरचा डाग काढतं?"

"मले सापडली, मीच देली, मीच काढून राहिली," ललिताबाई म्हणाली. इतक्या लोकांत ती एवढं मोठ्यानं कधीच बोलली नव्हती. "मातामायले राग आला तं माह्यावर येईन. पोरीच्या लगनासाठी केली होती, पोरीच्या लगनात घालू द्या." मग आकडा अडकवता अडकवता तिनं खुशबूच्या कानात सांगितलं, "लगन झालं का आणून देजो मातर. आता थे मातामायची बी हाये."

खुशबूनं मान खाली घातली. सरीचं वजन तिला गळ्यावर जाणवत असणार. हळदीच्या बोटांनी तिनं ती चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक हत्ती. चंद्रकांताची नजर त्या बोटांवरून हलेना. आता काढून फेकते की काय! गाळलेल्या तोड्यांचा हिशेब आता मागते की काय!

खुशबूचं बोट एका हत्तीवर थांबलं.

"आई, बाकीचे सगळे उभे हायेत. यानं एकट्यानं पाय काहून उचलला?"

हे बाबुलालला सांगितलं नव्हतं, नागपूरच्या बाईला दाखवलं नव्हतं, आणि इतके महिने अख्खं गाव त्या सरीपुढं डोकं टेकत होतं तरी कुणाला दिसलं नव्हतं. या पोरीला दिसलं. जन्मात पहिल्यांदा तिनं आईच्या कामातलं काही आईला विचारलं होतं.

"उभा करून पाह्यला," चंद्रकांता म्हणाली. "चारदा तापवला, चारदा ठोकला. थांबतच नव्हता. शेवटी म्हटलं, जा माय, तुले जायचंच हाये तं जा."

खुशबूनं हळदीच्या हातानंच आईचा हात धरला. मागं बायकांनी गाणं पुन्हा सुरू केलं, तरी तिनं तो सोडला नाही.